साहेबांच्या कोटातली ऊब

साहेबांना उकडत होतं. बाहेर नळाच्या तोंडाला बर्फ लोंबत होता, रस्त्यावरची माणसं हात काखेत घालून पळत होती, आणि पाणीपुरवठा ऑफिसात साहेबांच्या पाठीमागची खिडकी सताड उघडी होती. साहेब अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसले होते. बाकीचं ऑफिस स्वेटरवर स्वेटर, त्यावर शाल अशा थरांत बसलं होतं. कारकून बाई बोटांची टोकं कापलेले हातमोजे घालून टाइप करायच्या. खिडकी लावू का, असं वर्षातून एकदा कुणीतरी धीर करून विचारायचं. साहेब त्या माणसाकडे असे बघायचे की पुढचं वर्षभर तो गप्प.

साहेबांची अडचण घरी होती. वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, भारी थंडीवाल्या. घरात दोन हीटर, खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या, आणि साहेबांनी उंबरठा ओलांडला की गळ्यात मफलर. त्यामुळे हिवाळा संपताना येणारी निवृत्ती साहेबांच्या डोळ्यांसमोर भट्टीसारखी दिसत होती. त्यांनी मुदतवाढीचा अर्ज केला होता. पगारासाठी नव्हे, खिडकीसाठी. हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती मुदतवाढ मिळू नये असं सगळ्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

मुदतवाढ संचालकांच्या हातात होती आणि संचालक ड्रोन बघायला येणार होते. शहराच्या उंच टाकीच्या कडेला कडाक्याच्या थंडीत बर्फ साचायचा आणि कधीतरी फुटपाथवर कोसळायचा. तो बघायला शिडीवाला वर चढायचा. मागच्या हिवाळ्यात गोठलेल्या पायरीवरून त्याचा पाय सटकला आणि तो पट्ट्याला लोंबकळत राहिला. तेव्हापासून हे काम कॅमेऱ्याच्या ड्रोनकडे द्यायचं ठरलं होतं. ते जमलं तर साहेबांच्या नावावर जमा होणार होतं.

ड्रोन होता जपूनरावांच्या ताब्यात. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, पण कुणी चहाचा कप उचलला तरी ते ‘जपून’ म्हणायचे, त्यामुळे दुसरं नाव कुणी वापरत नसे. ड्रोनचं माहितीपुस्तक त्यांनी तोंडपाठ केलं होतं. बर्फ पडताना उडवायचं नाही, धुक्यात उडवायचं नाही, पात्यांवर बर्फ धरतो. भुसभुशीत बर्फावरून उडवायचं नाही. निम्मी बॅटरी उरली की खाली आणायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बॅटरी गार असता कामा नये. गार बॅटरी वर जाताना चारही हिरवे दिवे लावून भरलेली दिसते आणि वर गेल्यावर एकदम मान टाकते.

नेमकं तिथंच घोडं अडलं. टाकी ऑफिसपासून लांब, जीपचा हीटर बंद, आणि जपूनरावांचं स्वतःचं अंग म्हणजे काडी. त्यांनी बॅटऱ्या काखेत धरून नेल्या तर आधी होत्या त्याहून गार निघाल्या. पडद्यावर ‘बॅटरी थंड आहे’ असं आलं आणि ड्रोन जागचा हलला नाही. हीटरवर ठेवा, असं एक जण म्हणाला. बॅटरी फुगेल, जपूनराव म्हणाले. गरम पाण्याची पिशवी घ्या, कारकून बाई म्हणाल्या. ती एकाच बाजूनं भाजेल, आणि फुटली तर मग बघायलाच नको, जपूनराव म्हणाले. बॅटरीला माणसाच्या अंगाची ऊब हवी होती, जास्त नको आणि कमी नको. जपूनरावांनी ऑफिसभर नजर फिरवली. सगळे कुडकुडत होते. अर्ध्या बाह्यांत एकच माणूस होता.

“साहेब, एक विनंती आहे. जरा नाजूक आहे.”

“रजा हवीय?”

“नाही. दोन बॅटऱ्या तुमच्या छातीशी ठेवायच्या होत्या.”

साहेबांनी आधी नाही म्हणून बघितलं. मग मुदतवाढ आठवली आणि ते तयार झाले, पण एका अटीवर. “संचालकांना कळता कामा नये. ऑफिसचा प्रमुख खुडूक कोंबडीसारखा बॅटऱ्या उबवत बसलाय हे दिसलं तर माझी काय शोभा राहील?” जपूनरावांनी शब्द दिला. दिलेला शब्दही त्यांच्या लेखी नियमच होता.

साहेबांनी कोट चढवला तेव्हा कारकून बाईंना वाटलं की जगबुडी जवळ आली. कोटाच्या उजव्या खिशाचं अस्तर फाटलेलं, म्हणून दोन्ही बॅटऱ्या डाव्या बाजूच्या आतल्या खिशात गेल्या.

संचालक आले. माणूस सज्जन, बारीक आणि काळजी करणारा. त्यांच्या थोरल्या भावाच्या छातीत मध्यंतरी हृदयाचं, बॅटरीवर चालणारं यंत्र बसवलं होतं. तेव्हापासून त्यांना जगात दोनच प्रकारची माणसं दिसत, यंत्र बसवलेली आणि बसवायची राहिलेली. टाकीखाली सगळे थंडीनं आखडून उभे होते आणि साहेबांच्या कपाळावरून घामाचे ओघळ वाहत होते. संचालकांनी ते पाहिलं. खिसा जागेवर आहे ना म्हणून साहेबांचा हात सारखा डाव्या छातीकडे जात होता. संचालकांनी तेही पाहिलं. मग जपूनराव साहेबांना पंपघराच्या भिंतीआड घेऊन गेले. संचालक दोन पावलं पुढं सरकले तेव्हा त्यांना दिसलं ते असं: साहेबांचा कोट अर्धा उघडा, छातीपाशी हिरवे दिवे लागलेले, आणि जपूनराव वाकून ते मोजतायत.

“चारही आहेत,” जपूनराव समाधानानं म्हणाले. संचालक हळूच मागं झाले. माणसाचं दुखणं असं चोरून बघू नये, असं त्यांना वाटलं.

उड्डाण मात्र दृष्ट लागण्यासारखं झालं. जपूनरावांनी ड्रोन जीपच्या बॉनेटवर ठेवला, पाती बोटांनी चाचपली, आणि उडवून डोक्याएवढ्या उंचीवर नुसताच तरंगत ठेवला. बिघडला का, असं कुणीतरी विचारलं. बॅटरी कामाला लागतेय, जपून, असं उत्तर आलं. मग ड्रोन वर गेला. टाकीच्या कडेला खाटेएवढा बर्फ लटकलेला पडद्यावर स्वच्छ दिसला. शिडीवाला जवळ येऊन बराच वेळ तो पडदा बघत राहिला. निम्मी बॅटरी उरताच जपूनरावांनी ड्रोन खाली आणला, दुसरी बॅटरी घातली आणि वापरलेली पुन्हा साहेबांच्या खिशात सारली.

“आता दोनच दिवे आहेत, साहेब. राहू दे तुमच्यापाशी,” ते कुजबुजले.

संचालकांचा चेहरा उतरला. दुसरी फेरी संपल्यावर त्यांनी जपूनरावांना बाजूला घेतलं आणि साहेबांना हे कधीपासून आहे ते विचारलं. संचालकांना कोंबडीचं प्रकरण कळलं, असं जपूनरावांना वाटलं. ते मान खाली घालून म्हणाले, “मला बोलायची मनाई आहे.”

एवढं पुरेसं होतं. जपूनरावांनी साहेबांच्या खिशातली बॅटरी हळूच काढून घेतली, दोन्ही बॅटऱ्या पिशवीत भरल्या, चेन लावली आणि ते जीपकडे गेले. इकडे संचालकांनी साहेबांचा हात हातात घेतला.

“तुमचा अर्ज वाचला. या अवस्थेत मुदतवाढ मागताय?”

“कुठल्या अवस्थेत?”

“माझा भाऊही असंच म्हणायचा.”

साहेबांना उलगडा व्हायला वेळ लागला. झाला तेव्हा त्यांनी लाजलज्जा सोडली. “अहो, मला काही झालेलं नाही. मी बॅटऱ्या उबवत होतो,” ते म्हणाले आणि त्यांनी कोट उघडून खिसा उलटा करून दाखवला. खिसा रिकामा होता. संचालकांनी त्या खिशाकडे पाहिलं, साहेबांच्या घामाकडे पाहिलं, आणि स्वतःच्या हातानं कोटाची बटणं एक एक करून लावली.

“जास्त बोलू नका. ड्रोन कायम झाला, काळजी नको. उद्यापासून तुम्ही रजेवर. घरी उबेत राहा.”

रजेच्या कागदावर सही झाली. ऑफिस जपूनरावांकडे आलं. खरं काय ते मी संचालकांना कळवतो, असं जपूनरावांनी दोनदा सांगून पाहिलं. साहेब कडाडले, “कागदावर? साहेब बॅटऱ्या उबवीत होते म्हणून? माझ्या मुलीच्या सासरपर्यंत जाईल ते.” मग मफलर बांधायला ते घरी गेले.

कारकून बाईंनी खिडकीची कडी स्वतःच्या हातानं लावली. हातमोजे काढले. चहा संपेपर्यंत गरम राहू लागला, आणि चार दिवस ऑफिसात सणासारखं वातावरण होतं. पाचव्या दिवशी थंडीचा कडाका पुन्हा वाढला आणि टाकीच्या कडेला बर्फ दिसू लागला. जपूनराव बॅटऱ्या काखेत धरून टाकीखाली गेले. पडद्यावर ‘बॅटरी थंड आहे’ आलं. कारकून बाईंकडे ठेवून पाहिल्या. तीन स्वेटरांच्या वरून ऊब पोचेना आणि आत ठेवायला बाईंनी साफ नकार दिला.  शिडीवाल्यानं खुंटीवरचा पट्टा काढला आणि तो त्याची कडी तपासायला लागला. जपूनरावांना ते बघवेना. पिशवी उचलून ते थेट साहेबांच्या घरी गेले. घर टाकीच्या समोरच होतं.

साहेब दोन हीटरच्या मध्ये बसले होते. गळ्यात मफलर, पायांवर पांघरूण, चेहरा लालबुंद. ऑफिस हादरवणारा माणूस ‘या’ एवढंच म्हणाला. जपूनरावांनी शिडीवाल्याची गोष्ट सांगितली, बॅटऱ्यांची सांगितली. वहिनींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“एवढंच ना? मग इथंच ठेवा की. बघा, खोली कशी मस्त उबदार आहे. टाकी समोर, दारातून घ्यायच्या आणि उडवायचं. त्यासाठी ह्यांना कशाला थंडीत काढताय?”

पुस्तकाप्रमाणे याहून चांगलं उत्तर नव्हतं. खोली कोरडी, ऊब सगळीकडे सारखी, फळी हीटरपासून लांब, टाकी दोन पावलांवर. जपूनरावांच्या हे क्षणात लक्षात आलं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब चिकटपट्टी लावलेल्या खिडकीकडे बघत होते आणि एका शब्दानंही काही मागत नव्हते. जपूनरावांना फार वाईट वाटलं.

त्यांनी घसा साफ केला. “तसं चालत नाही, वहिनी. नियम आहे. बॅटरी माणसाच्या अंगाशीच लागते.”

“कुठल्याही माणसाच्या?”

“सवय असलेल्या.”

“आणि रोज?”

“थंडी आहे तोवर रोज. ऑफिसच्या वेळेत. ऑफिसातच.”

वहिनींनी जपूनरावांकडे बराच वेळ पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. साहेब श्वास रोखून बसले होते. वहिनी उठल्या, आतून कोट आणला, साहेबांच्या गळ्यातला मफलर सोडून त्याची घडी घातली.

“खिडकी उघडी ठेवायचाही नियम असेल,” त्या म्हणाल्या.

पुस्तकात नाही असं उत्तर जपूनरावांनी जन्मात कधी दिलं नव्हतं. आज एकाच बैठकीत तोंडाला वळण पडलं होतं.

“असेल,” ते म्हणाले.

त्या दुपारी ड्रोन उडाला. बर्फ कुठं सुटतोय ते दिसलं, खालचा फुटपाथ दोरी लावून बंद केला, आणि शिडीवाल्यानं पट्टा पुन्हा खुंटीला टांगला. दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आधी कारकून बाईंनी स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवला, हातमोजे घातले आणि पुटपुटत जाऊन खिडकीची कडी काढली.