कचेरीतला प्रसाद

"कचेरी आहे की खाणावळ? शनिवारी येऊन बघतो." शेठजींचं हे मुंबईहून आलेलं पत्र माधवरावांनी दोनदा वाचलं. लोणावळ्याच्या त्या भातगिरणीत ते हेडक्लार्क होते आणि मॅनेजरची खुर्ची अगदी हाताशी आली होती. आता त्र्यंबक कारकुनानं शेठजींना धाडलेल्या पत्रावर लोणच्याचं तेल सांडलं, म्हणून ती जायची? सोमवारी सकाळीच त्यांनी भिंतीवर नियम लावला: टेबलाशी बसून कोणीही काहीही खाऊ नये.

"मग खायचं कुठं?" त्र्यंबकानं विचारलं.

"व्हरांड्यात."

व्हरांड्यात आषाढाचा पाऊस आडवा येत होता. त्र्यंबकानं तिथं डबा उघडला आणि बघता बघता त्याची आमटी दुप्पट झाली.

मंगळवारी गेणू शिपाई जवळच्या आपल्या गावाहून, औंढ्याहून आला तो शिऱ्याचा द्रोण घेऊनच. "साहेब, आमच्या भैरोबाचा परसाद."

"ठेव तिकडे. सुट्टीत घेईन."

"परसाद खाली ठिवत न्हाईत जी. आन् द्येवाला थांब म्हनायचं, म्हंजी..."

माधवराव तसे देवभोळे. कपाळाचं गंध दिवसभर पुसू न देणारे. त्यांनी शिरा डोळ्यांना लावला आणि टेबलाशीच खाल्ला. खरं तर त्यांनाही व्हरांड्यातलं जेवण मुळीच मानवत नव्हतं.

मग काय, अख्ख्या कचेरीला देव आठवले. बुधवारी त्र्यंबकाकडून गणपतीची खिरापत आली, गुरुवारी दत्ताचे पेढे. शुक्रवारी गेणूनं फडकं सोडलं, तर आत तांदळाच्या भाकरी, पिठलं आणि ठेचा.

"हा कसला रे प्रसाद?"

"निवद दावून आनलाय, साहेब. माज्या बायकूनं, मुक्तानं तव्यावरनं काढला तो पयला द्येवापुढं. खोटं वाटत आसंल तर इचारा."

"कोणाला विचारू?"

"द्येवाला."

माधवरावांनी भाकरी मोडली. पिठलं फार छान झालं होतं.

शनिवारी पुन्हा भाकरी आली. शेठजी दुपारच्या गाडीनं यायचे होते, ते सकाळच्याच गाडीनं उतरले आणि थेट दारात उभे राहिले. माधवरावांचा गाल भाकरीनं फुगलेला, समोरच्या पानात पिठलं आणि डोक्यावर भिंतीवरचा नियम.

"माधवराव, हे काय?"

तोंडातल्या घासासकट माधवराव उठून उभे राहिले. मॅनेजरची खुर्ची गेली, या विचारानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात थोडा ठेच्याचाही हात होता.

"परसाद हाय, शेठजी," गेणू हात जोडून म्हणाला. "साहेबांनी तर डोळं भरून घेतला बगा."

शेठजींनी माधवरावांच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग पिठल्याकडे. पहाटेपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं. त्यांनी बूट काढले, नमस्कार केला आणि माधवरावांच्याच टेबलाशी बसून दोन भाकरी संपवल्या.

"असा भक्तिभाव मी कुठल्या कचेरीत पाहिला नाही. माधवराव, आजपासून तुम्ही मॅनेजर! प्रसाद रोज झाला पाहिजे. सोमवारी मी इथंच आहे. कोणाकडचा आहे?"

त्र्यंबक छताकडे बघत म्हणाला, "सगळ्यांच्या पाळ्या झाल्या. मॅनेजरसाहेबांकडचाच तेवढा राहिलाय."

माधवराव तरंगतच घरी गेले. इंदिराबाईंनी बढतीचं ऐकून देवापुढं साखर ठेवली. मग सोमवारचं ऐकलं.

"शेठजींसकट सगळ्या कचेरीचा स्वयंपाक? आणि तोही सकाळच्या आत?" त्यांनी साखरेची वाटी उचलून परत फडताळात ठेवली. "त्यापेक्षा तुम्ही हेडक्लार्कच बरे होतात हो!"