सात नंबरची गादी

"मॅडम, आजपासून किल्ल्यांची कटकट संपली! इथे बोट ठेवलं की तिथे गाडी गप्प!"

अमेरिकेतल्या टोलेडोच्या बर्फगोदामातला मिस्त्री वेंडेल क्रुपिन्स्की फोन नाचवत म्हणाला. ड्रायव्हर लोक फोर्कलिफ्ट चालू ठेवून जेवायला जायचे, बॅटऱ्या बसायच्या आणि बोलणी खायची वेंडेलने! म्हणून रविवारी एकट्याने खपून त्याने आठही गाड्यांत मायक्रोकंट्रोलरची डबी बसवली होती. मॅनेजर मार्वा स्टोक्स म्हणाली होती, "चालली तर ठेवू. नाहीतर तुम्ही आणि तुमची डबी, दोघं बाहेर!"

आज मार्वा स्वतः वरच्या फळीवरची गोठलेल्या बटाट्यांची खोकी मोजत होती. ड्रायव्हर लॉनीने तिला पिंजऱ्यात उभं करून आपल्या फोर्कलिफ्टने वीस फूट उचललं होतं.

वरून ती ओरडली, "ती समोरची रिकामी गाडी दिसते ना? टपावर सात लिहिलंय. करा बंद!"

वेंडेलने ऐटीत सात दाबलं.

समोरची गाडी घुर्र करतच राहिली. लॉनीची मात्र गपकन मेली!

"लॉनी, काय झालं रे?"

"गाडी गेली, मॅडम!"

वेंडेलने 'चालू' दाबलं, पुन्हा दाबलं, मग धडाधड दाबलं. छे! चालू व्हायला ड्रायव्हरने एकदा गादीवरून उठून परत बसायला हवं. ही अक्कलही त्याचीच, रिकामी गाडी चुकून सुरू होऊ नये म्हणून!

"लॉनी, ऊठ आणि बस!"

"मी नाही उठणार! पिंजऱ्यात माणूस असताना गादी सोडायची नाही. मागच्या महिन्यात उठलो तर मॅडमनी मेमो दिला!"

"अरे गाढवा, वर मॅडमच आहेत!"

"म्हणून तर नाही उठत!"

वर पिंजरा करकरला. वेंडेलला दरदरून घाम फुटला, त्या थंडीत! बाई पडली तर? नुसती गारठली तरी आपण मेलोच!

"लॉनी, ऊठ!" मार्वाचे दात वाजत होते.

"लेखी द्या, मॅडम!"

मार्वाच्या पेनातली शाई गोठलेली. पेन्सिल सापडेपर्यंत वेंडेलने देवाचं नाव घेत दोनदा छातीवर क्रॉस काढला. शेवटी कागद तरंगत खाली आला आणि अडकला लॉनीच्या गाडीच्या टपावर! वेंडेल चाकावर चढला. कागदाखाली भला मोठा आकडा होता: चार!

"लॉनी! ही चार नंबर? तुझ्या गादीच्या पाठीवर तर सात लिहिलंय!"

"गादी सातचीच आहे. मऊ आहे. शुक्रवारी काढून आणली, माझी चारची तिकडे बसवली. माझी कंबर धरते हो, मिस्त्री!"

आणि वेंडेलने रविवारी टपावर कोण चढतंय म्हणून गाद्यांवरचेच आकडे वाचून डब्या जोडल्या होत्या!

लॉनीने कागद नीट वाचला, घडी करून खिशात घातला, उठला, बसला. वेंडेलने पुन्हा 'चालू' दाबलं. गाडी घुर्र झाली, पिंजरा खाली आला. निळ्या ओठांची मार्वा बाहेर पडली. वेंडेलने मान खाली घालून राजीनाम्यासारखी हत्यारांची पेटी पुढे केली.

"ती ठेवा. गाडी बंद झाली आणि नियमाशिवाय चालू झाली नाही. डबी उत्तम आहे. फक्त उद्यापासून वर मोजायला तुम्ही जायचं. फोन लॉनीकडे."

दुसऱ्या दिवशी वीस फुटांवर दोन्ही हातांनी गज धरून वेंडेल खोकी मोजत होता. खालून लॉनीचा आवाज आला,

"मिस्त्री, समोरची ती चार नंबर बंद करतोय... गादीवरचा चार ना?"