दोन खुणांचे नारायणराव

एकोणीसशे छप्पन साल. मी चोवीस वर्षांचा होतो, काचीगुड्यात पंक्चर काढायचं माझं दुकान होतं, आणि समोर राहणारे नारायणराव तारेवरच्या मैनेला मला मैना म्हणू देत नव्हते.

"खुणा दे," म्हणायचे.

"चोच पिवळी."

"एक झाली. दुसरी?"

"डोळ्यामागं पिवळी कातडी."

"हौ. आता म्हण मैना."

नारायणराव सरकारी कचेरीत कारकून. नोकरदारांच्या सर्व्हिस बुकात ओळखीच्या दोन खुणा लिहायचं काम त्यांच्याकडं. हनुवटीवर तीळ, गुडघ्यावर व्रण. एकच खूण घेऊन आलेल्याला ते परत पाठवायचे. तेच खूळ त्यांनी पाखरांना लावलं. नुसती शेंडी बघून बुलबुल म्हणायचं नाही, शेपटीखाली लालही दिसलं पाहिजे. माझं लग्न ठरलं तेव्हाही सोडलं नाही.

"मुलगी कशी आहे?"

"गोरी."

"दुसरी खूण?"

"भांडते म्हणतात."

"हां. आता गर्दीत सापडेल."

मी उर्दू तिसरीच्या पुढं गेलो नाही, पण पाखरू मला कोणी शिकवायचं कारण नाही. एकदा लिंबावर तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांचं पाखरू बसलं. मी म्हटलं ससाणा. ते म्हणाले कोकिळाची मादी.

"ससाण्याची चोच आकड्यासारखी असते. हिची आहे का?"

"लहान असेल. मोठा झाला की येईल आकडा."

आठ दिवस बोलले नाहीत. मी आजही त्याला ससाणाच म्हणतो.

नारायणराव एकटे. लक्ष्मम्माच्या घरात भाड्यानं राहायचे आणि तिच्याच हातचं जेवायचे. म्हातारी तेलुगु, विधवा, मूलबाळ नाही, डोळ्यांत मोतीबिंदू. ती त्यांना "नारायणा" म्हणून हाक मारायची आणि ताटात काय वाढलंय ते त्यांचा हात धरून दाखवायची.

त्या साली निजामाच्या वेळचं आमचं राज्य मोडायचं ठरलं होतं. मराठी मुलूख एकीकडं, तेलुगु दुसरीकडं. कचेऱ्याही वाटल्या जात होत्या. नारायणरावांना औरंगाबादला धाडतील, एवढीच अम्माला धास्ती.

इकडं दसऱ्याला पालपिट्टा बघायची रीत आहे. पालपिट्टा म्हणजे आपला नीलपंख. तो दिसला की मनातलं मागणं पुरं होतं म्हणतात. त्या दसऱ्याला अम्मा हट्टानं आम्हा गल्लीतल्यांबरोबर अंबरपेठेच्या शेतांकडं आली. वाटेत मागणंही सगळ्यांना सांगून टाकलं, "माझा नारायण इथंच राहू दे."

विहिरीजवळ तारेवर निळं काहीतरी चमकलं. अम्मानं डोळ्यांवर हात धरला.

"नारायणा, चूडु! पालपिट्टा!"

मी बघितलं. लांब लाल चोच, गळा पांढराफेक. खंड्या होता! गल्लीतले सगळे नारायणरावांच्या तोंडाकडं बघायला लागले. आता म्हातारीला खुणा विचारणार.

ते पाखराकडं बघत राहिले. मग त्यांनी तिचे दोन्ही हात धरून जोडले.

"हौ अम्मा. पालपिट्टाच. नमस्कार कर."

संध्याकाळी मी दुकानात त्यांना गाठलं. "राव, लाल चोच मला दिसली. तुमचे डोळे कुठं गेले होते?"

"मलाही दिसली."

"मग?"

"हुकूम परवाच आलाय. औरंगाबाद. आता खरा पालपिट्टा खांद्यावर येऊन बसला तरी काय करणार होता?" मग म्हणाले, "जाण्याचं मी तिला सांगतो. रडेल, गप्प होईल. पण ती एकटीसाठी चूल पेटवत नाही रे. मी गावाला गेलो की चुरमुरे खाऊन निजते. तू जात जा ना जेवायला."

"मी कुणाच्या दारी जेवत नाही," मी म्हटलं. ते सगळ्या काचीगुड्याला ठाऊक होतं.

"बरं," म्हणाले, आणि उठून गेले.

दिवाळीआधी ते गेले. वळकटी मीच सायकलवर टेशनावर नेली. आम्ही निघालो तेव्हा अम्मा घराच्या उंबऱ्यावर बसून होती, उठली नाही. गाडी हलली तरी नारायणरावांनी जेवायला जाण्याचं पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बायको भाकरी थापत होती. मी तसाच उठलो, अम्माच्या दारात चपला काढल्या, थंड चुलीसमोर मांडी घालून बसलो आणि म्हटलं, "अम्मा, आकलैतुंदि. भूक लागली."