मन वळवण्याची बस

वरिष्ठ कार्यालयाकडून इंग्रजीत आदेश आला. गल्लीतला सरकारी दवाखाना पाडून तिथे वाहनतळ बांधायचा होता आणि रहिवाशांचा त्याला विरोध होता. सबब, पाडकामापूर्वी विरोधकांना ‘ब्रिंग राउंड’ करावे, असे कळवले होते.

साहेबांनी हेडक्लार्कला बोलावलं. “ब्रिंग म्हणजे आणणे. राउंड म्हणजे?”

“फेरी, साहेब.”

“म्हणजे लोकांना फेरी मारून आणायचं?”

हेडक्लार्कला शंका आली. पण शंका घेण्याचे अधिकार त्याच्या पदाला नव्हते. “वरून आलंय म्हणजे काहीतरी विचार असेलच,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी बस उभी राहिली. विरोधकांच्या पुढारी होत्या शिवणकाम करणाऱ्या काकू. त्यांच्या सासऱ्यांच्या पायाची जखम त्याच दवाखान्यात धुतली जायची, म्हणून त्या हट्टाला पेटल्या होत्या. तरी त्या बसल्या. कितीतरी वर्षांत मशीन सोडून त्या कुठे गेल्या नव्हत्या. बसने त्यांना तळ्यापर्यंत नेलं, चहा पाजला आणि परत आणून सोडलं.

“आता कसं वाटतंय?” साहेबांनी आस्थेनं विचारलं.

“फार बरं वाटलं. पण दवाखाना पाडू देणार नाही!”

“फेरी कमी पडली,” असा शेरा मारून साहेबांनी उद्याचीही बस मंजूर केली.

आठवडाभरात विरोध चांगलाच वाढला. ज्यांनी आधीच होकार दिला होता, ते तावातावानं कार्यालयात आले. “आम्ही मुकाट्यानं हो म्हटलं, हा आमचा गुन्हा झाला का? आमचाही विरोध घ्या!” तो घेतला गेला. दुसरी बस लावावी लागली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनीही विरोध नोंदवला आणि त्या फिरायला गेल्या. त्या दिवशी सासऱ्यांची जखम तशीच राहिली. “एक दिवसानं काय होतंय,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी बसमध्ये जागा धरली.

अखेर साहेबांनी शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांना पाचारण केलं. मास्तरांनी कपाळावर हात मारला. “अहो, ब्रिंग राउंड म्हणजे मन वळवणे! राजी करणे!”

“वळवणे?” साहेब गंभीर झाले. “तरीच! आपण सरळ रस्त्यानं नेत होतो.”

बस डोंगराच्या वळणावळणाच्या रस्त्याला लागली. अर्ध्या वाटेत सगळ्यांची तोंडं पिवळी पडली आणि काकू चक्क बेशुद्ध झाल्या. नर्सबाईंनी पाणी मारून त्यांना सावध केलं.

बस परत येताच हेडक्लार्क धावत मास्तरांकडे गेला आणि त्यानं घडलेलं सांगितलं. मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, “आता काय सांगू? शुद्धीवर आणणे, असाही त्याचा एक अर्थ आहे.”

हे कळताच साहेबांना भरून आलं. त्यांनी त्याच घटकेला वर कळवलं, ‘विरोधकांच्या पुढारी महिलेस यशस्वीरीत्या ब्रिंग राउंड करण्यात आले आहे.’ वर त्याचा अर्थ बरोबर लावला गेला: काकू राजी झाल्या. पुढच्या सकाळी दोन्ही बस निघाल्या आणि मागोमाग पाडकामाचं यंत्र आलं. अडवायला गल्लीत कुणीच नव्हतं.

संध्याकाळी काकू उतरल्या तेव्हा समोर सपाट मैदान होतं.

“दवाखाना कुठाय?”

“तुम्हीच तर राजी झालात,” साहेब म्हणाले.

“मी? कधी?”

“शुद्धीवर आलात तेव्हा.”

“अहो, मी नुसती बसमध्ये बसले होते!”

“रोज बसलात. आम्ही कुणाला ओढून बसवलं का?”

घरी सासरे पाय धरून बसले असतील, या विचारानं काकूंचे डोळे भरले. इतक्यात मागून कुणीतरी विचारलं, “मग उद्या बस किती वाजता?”

सगळे संतापून मागे वळले आणि उत्तर ऐकायला थांबले.

तुम्हाला हसू आलं असेल, तर संकोच करू नका. पुढची गल्ली तुमची आहे, आणि खिडकीजवळची जागा अजून रिकामी आहे.