मालक बदलून मिळेल

आमच्या भागात मोटारसायकलींना जुना मालक देऊन नवा मालक घेता येतो, आणि दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी माझी मोटारसायकल मला बदलायला शोरूममध्ये घेऊन गेली.

राग आला नाही असं मी म्हणणार नाही. चांगलाच आला. वीसेक वर्षं मी तिच्यावरून बांगड्या विकत फिरलो. आम्ही तिवाटणे, कासार. राहायला गडहिंग्लजला, आणि बाजार नेसरी, हलकर्णी, आजरा असे. मागच्या सीटवर काचेच्या बांगड्यांची पेटी, त्यामुळे तिसऱ्या गिअरच्या वर मी कधी गेलो नाही. आजऱ्यात शिरलं की तिचं हँडल आंबोलीच्या रस्त्याकडे ओढ घ्यायचं. मी ते सरळ करायचो आणि बाजारात जाऊन दुकान मांडायचो. बेअरिंग गेलं असेल म्हणून दोनदा बदलूनही घेतलं.

निघताना बायकोनं, शैलानं, हातात डबा दिला. "केस विंचरून जावा. भाव जरा बरा येतोय," ती म्हणाली. "आणि तिथं तोंड उघडू नका. सौदा मोडला तर मोडू दे, गाडी घरी येईल."

शोरूमच्या मगदूमशेठनी आधी गाडीला नमस्कार केला. "या मॅडम, सावलीत थांबा," म्हणाले आणि पोऱ्याला तिची टाकी पुसायला लावली. मग माझ्याकडे पाहिलं. "हेच काय?"

गाडीनं एकदा हॉर्न वाजवला. एकदा म्हणजे होय आणि दोनदा म्हणजे नाही, हे सगळीकडे सारखंच आहे.

त्यांच्या मेकॅनिकनं माझा हात वर करून पाहिला, मान फिरवून पाहिली, गुडघा वाकवून त्याला कान लावला. "वाजतोय," तो म्हणाला.

"थंडीचा वाजतो. एरवी नाही," मी म्हणालो.

"सगळे असंच सांगत्यात."

नवा मालक काचेपलीकडे बसला होता. निनाद देसाई त्याचं नाव, वय तेवीस, हेल्मेटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. गाडीचा हेडलाइट त्याच्यावरून हलेना. मी ते पाहिलं आणि डब्याचं झाकण उगीच घट्ट केलं.

मगदूमशेठ हिशेबाला बसले. अशा व्यवहारात चलन किलोमीटरचं असतं. गाडीच्या इंजिनात जेवढे शिल्लक असतील त्यातून शोरूम नव्या मालकाची किंमत कापून घेतं आणि जुन्या मालकाचे किलोमीटर तिला परत देतं. "काकांस्नी उठाव न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "वय झालंय, गुडघा वाजतोय. तरी तुमच्याकडं बघून शंभर धरतो." एवढं होऊनही गाडीकडे दोन हजार उरत होते. गाडीनं होय म्हटलं. मग शेठनी कॅल्क्युलेटर पुन्हा जवळ ओढला.

हाताळणी खर्च. नव्या मालकाला सवय लावण्याचा आकार. त्याच्या मागे बसणारा मित्र, जो ॲक्सेसरी म्हणून सक्तीनं घ्यावाच लागतो. हार, नारळ आणि फोटो. मला अंगणात ठेवायचं भाडं, कारण बदललेले मालक दिवसभर शोरूमच्या मागच्या अंगणात बसतात, गिऱ्हाईक लागेपर्यंत. मघाशी यातलं एक अक्षर कुणी बोललं नव्हतं. शेवटी शेठ शांतपणे म्हणाले, "सगळं वजा जाता सत्तर."

इथून आंबोली जाऊन परत यायचं तर शंभराच्या वर किलोमीटर पडतात.

गाडीनं हॉर्न वाजवला नाही. तिचा हेडलाइट मंद झाला. मला फक्त गप्प बसायचं होतं. मी गप्प बसलो असतो तर ती दोनदा वाजवून मागे फिरली असती, आणि संध्याकाळी आम्ही दोघं आपल्या घरी गेलो असतो. मला तेच हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

"हाताळणी कसली?" मी म्हणालो. "मला कुणी उचलून आणलं का? माझ्या पायानं आत आलोय."

शेठनी चष्मा वर केला. "काका, तुम्ही कुणाच्या बाजूनं बोलताय? तुम्ही एक्स्चेंजचा माल हाय."

"मालालाच विचारा की मग. भाडं कशाला? अंगणात बसून मी तुमचं काय खाणार? डबा घरचा आहे. आणि तो मित्र नको आम्हाला. घाटात एकटाच बरा."

बराच वेळ घासाघीस झाली. हाताळणी गेली, भाडं गेलं. मित्र जाईना. शेवटी शेठ म्हणाले, "मित्र काढतो, पण तो तोटा कुणाकडनं भरून काढू? तुमच्यात काय विकण्यासारखं हाय ते तरी सांगा."

मी गाडीवरची बांगड्यांची पेटी सोडून आणली आणि उघडली. "हे घेऊन वीस वर्षं आजऱ्याच्या खड्ड्यांतून गेलोय," मी म्हणालो. "गाडीवर एक बांगडी फुटलेली नाही. कधी जोरात गेलोच नाही."

मगदूमशेठनी मेकॅनिककडे पाहिलं. मेकॅनिकनं मान डोलावली. वयस्कर मोपेडी हळू चालवणारा मालक शोधत येतात, आणि तसे मालक आता मिळत नाहीत. माझा भाव एकदम बाराशेवर गेला आणि मित्र हिशेबातून निघाला.

गाडी माझ्याकडे वळली. हेडलाइट थेट तोंडावर, त्यामुळे मला नीट दिसत नव्हतं. मग तिनं एकदाच हॉर्न वाजवला, फार हळू.

हार घातला, नारळ फुटला, फोटो काढला. निनादनं किक मारली. गाडी सुरू होईना. पुन्हा मारली, पुन्हा नाही. मगदूमशेठ घड्याळ बघायला लागले. मी पेटी खाली ठेवली.

"आधी डावीकडं कलव," मी म्हणालो. "कलवून मोजून तीन श्वास थांबायचं. मग किक."

त्यानं तसं केलं. ती पहिल्या किकला सुरू झाली. मला तिचा अभिमान वाटला.

ती आजऱ्याच्या रस्त्याला लागली. मी अंगणात उभा राहून ऐकत होतो. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला. मग थोडा वेळ तसाच गेला, आणि चौथा पडला. तिचा तो आवाज मी कधी ऐकलेलाच नव्हता. चांगला होता.

"काका," मेकॅनिक मागून म्हणाला, "एक मोपेड बघायला आलीय. जरा सरळ उभं राहा. पेटी हातात घ्या."

मी पेटी हातात घेतली आणि सरळ उभा राहिलो.