आंब्याच्या वासाचं खोडरबर

मुलांनो, सावरून बसा. खोडरबर चोखणाऱ्यांनी पुढं बसावं.

एका जंगलात शाळा होती आणि शाळेला लागून कोल्हेशेठचं वह्या-पेन्सिलींचं दुकान. तिथं यंदा नवं खोडरबर आलं. आकार आंब्याचा, रंग आंब्याचा, वास तर थेट हापूसचा. त्यानं अक्षर खोडायला जावं तर कागदच फाटायचा. पण सगळ्या पिल्लांना तेच हवं होतं.

शेवंता खारीच्या भुऱ्यानं ते निम्मं कुरतडलं. त्याच्या ओठांवर फोड आले, पोट दुखून तो कळवळला. शेवंता त्याला कुशीत घेऊन बसून राहिली. जरा उतार पडला, तशी ती उरलेलं रबर घेऊन दुकानात गेली.

"शेठ, यात काय घातलंय?"

"मऊ राहावं म्हणून जरासं रसायन. वासाला जरासं, रंगाला जरासं. जरासंच हो."

"पोर आजारी पडलं माझं."

"खायला कोणी सांगितलं? मागं बारीक अक्षरात लिहिलंय, खाऊ नये म्हणून."

"तो बिगरीत आहे. त्याला वाचता येत नाही."

"मग ती तक्रार शाळेकडं करा."

शाळेत अस्वलगुरुजींनी रबर हुंगलं आणि डोळे मिटले. "शेवंताबाई, हे आल्यापासून हजेरी वाढलीय," ते म्हणाले.

शेवंता हटली नाही. ती सिंहमहाराजांकडे गेली. महाराजांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष कोल्हेशेठ, कारण खोडरबरातलं कळणारं दुसरं कोणी जंगलात नव्हतं.

शेठनं भर दरबारात निकाल वाचला. "पिल्लू फसलं, हे खरं. आंब्याचा वास खोडरबरासारखा असल्यानं घोटाळा होतो. त्यातून आंबा खाता येतो. तोंडात घालायची खोड पिल्लांना तिथूनच लागते. सबब, आंब्याची झाडं तोडावीत."

शेवंता म्हणाली, "महाराज, माझं घर आंब्यावर आहे."

"मग यात तुमचा हितसंबंध आहे," महाराज म्हणाले. "तुम्ही बोलू नका."

झाडं तुटली. शेवंता भुऱ्याला पाठीवर घेऊन ओढ्यापलीकडच्या कडुनिंबावर राहायला गेली. तिथं तो हळूहळू बरा झाला. आता ती त्याला घरीच पाटीवर अक्षरं गिरवायला लावते आणि चुकलं की ओल्या फडक्यानं पुसायला लावते. कडुनिंबाच्या वासाचं खोडरबर अजून तरी कोणी काढलेलं नाही.

तात्पर्य : पोरांच्या हाती कुठलीही वस्तू देण्याआधी ती हुंगून पाहावी. आंब्याचा वास आला, तर आंब्यापासून सावध राहावं.