एक पाय धुण्याच्या खोलीत

एरिबेर्तो सुबियाउरेला गुरुवारी दुपारी चार वाजता पाऊण तास शहाण्यासारखं बोलून प्राध्यापक व्हायचं होतं, आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या सासूबाईंना तो कपडे धुण्याच्या खोलीत हवा होता.

दोन्ही गोष्टी आपापल्या जागी रास्त होत्या. एरिबेर्तो आमच्या ला प्लाता शहरातल्या विद्यापीठाच्या भौतिकी विभागात केस काळे होते तेव्हापासून हंगामी शिक्षक. याही वर्षी आपण नोकरीत आहोत हे त्याला दर मार्चमध्ये नव्याने कळायचं. कायमची जागा हवी तर आमच्याकडे परीक्षकांसमोर जाहीर पाठ द्यावा लागतो. विषय दोन दिवस आधी चिठ्ठी टाकून ठरतो आणि ऐकायला कोणीही येऊन बसतं. त्याच्या जागेची जाहिरात निघायलाच इतका काळ गेला होता, की ही संधी हुकली तर पुढची जाहिरात वाचायला तो घरीच असता, निवृत्त होऊन.

सासूबाई, म्हणजे दोन्या एल्वेसिया, यांचंही प्रकरण तितकंच गंभीर होतं. त्यांचा लाडका दिआगोनाल फुटबॉल क्लब खालच्या श्रेणीत घसरायच्या बेतात होता. मोसमातला शेवटचा सामना रविवारी व्हायचा, तो मैदानात पाणी तुंबल्यामुळे गुरुवारी चारवर गेला. जिंकले तर राहिले, नाहीतर गेले. आणि दिआगोनालला जिंकायचं असेल तर जावई धुण्याच्या खोलीतच असायला हवा, हे त्या घरात कधीच सिद्ध झालेलं होतं.

झालं होतं असं, की मागे एकदा सामना सुरू होताहोताच वॉशिंग मशीनची नळी सुटली. एरिबेर्तो नळीच्या तोंडावर अंगठा दाबून प्लंबरची वाट बघत उभा राहिला. प्लंबर दिआगोनालवालाच, त्यामुळे तो सामना संपल्यावर आला. तेवढ्या वेळात, अख्ख्या मोसमात गोलासाठी तरसलेल्या दिआगोनालने तीन गोल मारले. "काबाला!" सासूबाई म्हणाल्या आणि विषय संपला. हा शब्द उच्चारला की आमच्याकडे पुढे वाद घालत नाहीत. जिंकताना जो जिथे होता, त्याने मरेपर्यंत तिथेच असायचं.

आता एरिबेर्तोचा धंदा काय, तर क्वांटम गुंता. अणुकेंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांत किती गुंतलेले असतात ते तो मोजतो. त्याचं उत्तर ऐकलं की लग्नघर आठवतं: मुलीकडचे मुलीकडच्यांत रमलेले, मुलाकडचे मुलाकडच्यांत, आणि दोन्ही बाजूंमध्ये बोलणं बेताचंच. पण लोकांना हे नको असतं. त्यांना हवं असतं की इथल्या कणाला चिमटा काढला की तिथला कण ओरडतो. एरिबेर्तोने उभा जन्म शाळांमधून, वाचनालयांतून, अगदी न्हाव्याच्या खुर्चीतूनही एकच सांगितलं, "इथे काहीही करा, त्याने तिथे निरोप पोचत नाही." आणि दर सामन्याला गुपचूप धुण्याच्या खोलीत जाऊन उभा राहिला. "म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं," असं तो आम्हाला सांगायचा. आम्ही फार खोदून विचारत नसू, कारण विचारणाऱ्याच्या अंगातही तोच मोसमभर न धुतलेला टी-शर्ट असायचा.

मंगळवारी चिठ्ठी निघाली: 'क्वांटम गुंत्याने निरोप का पाठवता येत नाही.' एरिबेर्तो नाचतच घरी आला.

"माझाच विषय! झोपेतसुद्धा सांगेन."

"झोपेत सांग नाहीतर उभ्याने सांग," सासूबाई येर्बाच्या कडू चहाची नळी तोंडातून न काढता म्हणाल्या, "पण सांगायचं धुण्याच्या खोलीतून."

"सासूबाई, पाठ विद्यापीठात आहे."

"मग विद्यापीठाला सांग, दिवस बदला."

"आई, अगं त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे," बायको मिर्ता मध्ये पडली.

"नोकरी पुढच्या वर्षीही असेल. पहिल्या श्रेणीत आपण असू का?"

बुधवारी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांनी संप पुकारला आणि इमारतीला कुलूप लागलं. परीक्षकांनी कळवलं की पाठ ठरल्या वेळीच होईल, पण संगणकावरून, ज्याने त्याने आपापल्या घरून. सासूबाईंनी छातीवर क्रूस काढला.

"बघ. देवालासुद्धा कळतं, तुला कळत नाही."

"बरं. पण मशीन बंद राहील."

"का म्हणून? त्या दिवशी मशीन चालू होतं. सगळं होतं तसंच ठेवायचं, नाहीतर प्रयोगाला अर्थ नाही, हे कोण सांगतं रे पोरांना?"

ते तोच सांगत असे. त्यामुळे गुरुवारी चार वाजता एरिबेर्तो कोट-टाय घालून, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, धुण्याच्या खोलीत उभा होता. पाठीमागे उघडं दार, दाराबाहेर बोळ, बोळापलीकडे स्वयंपाकघरात सासूबाई आणि त्यांचा रेडिओ. टीव्हीवर गोल काही क्षण उशिरा दिसतो, म्हणून त्या टीव्हीला हात लावत नसत. मशीनमध्ये पडदे गरगरत होते.

लॅपटॉपच्या पडद्यावर परीक्षक तिघे. अध्यक्ष डॉक्टर कात्तानेओ, ज्यांना हसताना कोणी पाहिलेलं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफेच्या डॉक्टर जान्दिरा, ज्यांना फुटबॉलचा मनापासून कंटाळा, आणि ही गोष्ट त्या देशात त्या कशा निभावत असतील देव जाणे. तिसऱ्यांनी कॅमेरा बिघडल्याचं कळवलं होतं, त्यामुळे तिथे नुसता काळा चौकोन. आम्ही विभागातले दहाबारा जण ऐकायला बसलो होतो, आपापले माइक बंद करून आणि आपापले रेडिओ चालू ठेवून.

सुरुवात झकास झाली. एरिबेर्तोने गुंतलेले दोन कण घेतले, एक ला प्लाताला ठेवला, एक रेसिफेला पाठवला, आणि दोन्हीकडची उत्तरं जुळतात पण एकाला हलवून दुसऱ्याला काही सांगता येत नाही हे इतकं सोपं करून दाखवलं की मलाही कळल्यासारखं वाटलं. मग इंटरनेट अडखळलं.

"आवाज तुटतोय, डॉक्टर," जान्दिरा म्हणाल्या.

एरिबेर्तोने लॅपटॉप उचलला आणि बोलतबोलत बोळात आला. तिथे आवाज स्वच्छ येत होता. दुर्दैवाने सगळाच येत होता.

"गेला!" सासूबाईंची किंकाळी आली. "झाला त्यांचा गोल! आणि तू बाहेर? अरे मेल्या, बोळात काय करतोयस? आत जा! आधी आत जा!"

एरिबेर्तोचा चेहरा मिर्ताच्या पडद्यांपेक्षा पांढरा पडला. इतक्या वर्षांची हंगामी नोकरी त्याच्या डोळ्यांपुढून गेली असावी. मग कात्तानेओंनी एकदम डोळे मिटून घेतले, जणू दाढ ठणकली.

"डॉक्टर," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुम्ही आधी जिथे होतात तिथेच जा. तिथूनच बोला."

"पण तिथे आवाज..."

"आवाजाचं आम्ही बघतो. आत जा."

तो आत गेला. मशीनने पिळायला घेतलं, इस्त्रीचं टेबल थडथडू लागलं आणि अणुकेंद्रकावरचा सगळा भाग त्याने थरथरत सांगितला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आरोळी उठली आणि भांडं पडलं. बरोबरी! पाचेक क्षणांनी कात्तानेओंची मूठ पडद्यावर उंच दिसली.

"पेटका," ते मूठ खाली घेत म्हणाले. "चालू द्या."

पाठ संपला. एरिबेर्तोने घाम पुसला आणि आभार मानून लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

"थांबा!" कात्तानेओ ओरडले. "कुठे निघालात? मला प्रश्न विचारायचेत. पुष्कळ आहेत. तिथेच उभे राहा."

सामन्याचा उत्तरार्ध अजून अख्खा व्हायचा होता हे एरिबेर्तोला कळायला हवं होतं. पण बिचारा परीक्षा देत होता. त्याला वाटलं, आपण आपटलो. कात्तानेओंनी त्याला प्रोटॉन म्हणजे काय ते विचारलं. मग न्यूट्रॉन म्हणजे काय. मग प्रोटॉनचं पुन्हा एकदा, सावकाश. मग हा विषय त्याने का निवडला, कोणी सुचवला, ते गृहस्थ हल्ली कुठे असतात. एरिबेर्तो एकेका उत्तरासरशी खचत चालला. आपण मूर्ख आहोत असं यांना वाटलंय, इतकंच त्याच्या मनात होतं. हे त्याने नंतर स्वतः सांगितलं.

शेवटी जान्दिराबाईंचा धीर सुटला.

"माझाही एक प्रश्न आहे. तुमच्या घरात आरडाओरडा झाला की थोड्याच वेळाने आमच्या अध्यक्षांना पेटका येतो. यात कोण कोणाला निरोप पाठवतंय?"

कात्तानेओ लालबुंद झाले. पण एरिबेर्तोमधला मास्तर जागा झाला.

"कोणीच नाही, डॉक्टर. दोघांना एकाच ठिकाणाहून बातमी येतेय. सासूबाईंचा रेडिओ आधी सांगतो, सरांचा फोन मागून. जुळणं वेगळं आणि घडवून आणणं वेगळं. कणांचा गुंता याहून पुष्कळ खोल असतो, पण निरोप त्यातूनही जात नाही."

"सुंदर," जान्दिरा म्हणाल्या. "आणि तुम्ही या खोलीत असण्याचा त्या चेंडूशी काही संबंध?"

"काडीचाही नाही."

"खात्री?"

"शंभर टक्के."

"मग बाहेर या."

स्वयंपाकघरातला रेडिओ सांगत होता की सामना संपत आलाय, अजून बरोबरीच आहे, आणि दिआगोनालला कोपऱ्यावरून किक मिळाली आहे. एरिबेर्तो दाराकडे बघत राहिला. बाहेर पडावं आणि गोल हुकावा, तर अध्यक्ष त्याला जन्मात माफ करणार नव्हते. आत राहावं, तर ज्या वाक्यावर उभं आयुष्य काढलं ते खोटं ठरणार, तेही परीक्षकांसमोर, आम्हा सगळ्यांसमोर. कात्तानेओंनी हात जोडले होते. पडद्यावर ते प्रार्थना करत असल्यासारखे दिसत होते, आणि करतही असतील.

"येतोय," एरिबेर्तो म्हणाला. तो दारापर्यंत गेला. त्याने एक पाय बोळात टाकला. दुसरा उचलेना.

"डॉक्टर सुबियाउरे? बाहेर आहात की आत?"

एरिबेर्तो उंबऱ्यावर फाकून उभा होता, टाय खांद्यावर उडालेला, चेहरा रडवेला.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "हिशेब सगळा कळतो हो. पटतोसुद्धा. पण हा पाय माझं ऐकत नाही."

आणि घर हादरलं. सासूबाई, मिर्ता, शेजारचे, वरचे, सगळे एकदम ओरडले. पाचेक क्षणांनी कात्तानेओ खुर्चीसकट पडद्याबाहेर गेले. आमचे माइक कोणी कधी चालू केले कोण जाणे. आणि पाठभर काळा राहिलेला तो तिसरा चौकोन लख्ख उजळला: तिसरे परीक्षक दिआगोनालचा लाल टी-शर्ट घालून, लाल टोपी घालून, हमसून हमसून रडत होते.

जागा एरिबेर्तोला मिळाली. एकमताने. कात्तानेओ आणि तिसऱ्यांनी काय लिहिलं ते सांगायला नको, पण जान्दिराबाईंचा शेरा आम्ही सगळ्यांनी चवीने वाचला: 'उमेदवाराला आपला विषय पूर्ण कळलेला आहे. विश्वास निम्माच आहे, आणि तेवढं तो प्रामाणिकपणे सांगतो.' शुक्रवारी आम्ही अंगणात मांस भाजलं, वाइन उघडली आणि नव्या प्राध्यापकाला खांद्यावर घेतलं. सासूबाईंनी त्याचे दोन्ही गाल ओढले.

"पुढच्या मोसमात मात्र लक्षात ठेव हं, प्राध्यापकसाहेब. धुण्याची खोली आता रद्द. नवी माहिती आली की जुनं म्हणणं सोडायचं, असं तूच सांगतोस. एक पाय आत, एक बाहेर."

तेव्हापासून तो दर सामन्याला उंबऱ्यावर उभा असतो. त्याने त्यासाठी गुडघ्याला पट्टाही घेतलाय. आम्ही चिडवलं की म्हणतो, म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं.

परवा आम्ही दोघं विभागात येर्बा पीत बसलो होतो, तेव्हा त्याचा फोन वाजला आणि त्याने स्पीकर लावला. रेसिफेहून जान्दिराबाई. ख्यालीखुशाली झाली, प्रोटॉनचं झालं, न्यूट्रॉनचं झालं. मग त्या जराशा घुटमळल्या.

"माझ्या मुलीचा वैद्यकीय प्रवेशाचा निकाल लागतोय आत्ता. साडेचारला. तिचं हे तिसरं वर्ष आहे हो, यंदा नाही झालं तर ती सोडून देणार म्हणते. मी असलं काही मानत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे."

"अर्थात," एरिबेर्तो म्हणाला. "मीही मानत नाही."

"तेच. मी सहज विचारतेय. त्या दिवशी आत कुठला पाय होता?"

"डावा," एरिबेर्तो म्हणाला. तोवर तो उठून दारापाशी पोचलाही होता.